काळी कोंबडी आणि केकची साखर

माझी मोठी बहीण पहिल्यांदा दोह्याला आली, त्याला येत्या जानेवारीत वर्ष होईल. ती महिनाभर राहिली आणि त्यातले तीन आठवडे मी घरात काळी कोंबडी करायचं टाळलं. मी ती करत असताना बहीण शेजारी उभी राहिली असती, तर एकोणीस वर्षांपूर्वी मी तिच्याशी काय केलं ते तिला आपोआप कळलं असतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, कन्फेशनमध्ये फादरनासुद्धा नाही. तिथे मी दरवर्षी राग, आळस आणि रविवारची चुकलेली मिस्सा एवढंच सांगून बाहेर यायचो. मी मुळात सांगणारा माणूस नव्हे. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसणाऱ्या माणसाला, मला मुलगी आहे हे तिच्या दहावीच्या निकालाचा केक कापला तेव्हा कळलं.

काळी कोंबडी म्हणजे कडकनाथ नव्हे. कोंबडी साधीच, कुठलीही. काळी होते ती साखरेमुळे. हा पदार्थ वसईचा नाही, भारतातलाच नाही. माझे पपा मालवाहू बोटीवर कूक होते. एकदा इंजिन बिघडून त्यांची बोट त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात साडेतीन महिने अडकून पडली. धक्क्याजवळ एक विधवा बाई खलाशांना जेवण घालायची. पपा तिला मावशी म्हणायचे. रिकामं बसवेना म्हणून ते तिच्या स्वयंपाकघरात कांदे चिरायला जाऊ लागले आणि परत आले ते ही कोंबडी शिकून.

मावशीच्या मागच्या दारी पत्र्याच्या डब्यात एक झाड होतं. जाड, लवदार, कडेला कातरलेली पानं. ती बाई त्याला थाइम म्हणायची आणि मसाल्यात घालायची. पपांनी एक पान चुरगळून हुंगलं, तर तो आपला पानओवा! सर्दी झाली की आई ज्याची भजी करायची, तो. अर्धी पृथ्वी ओलांडून गेलो आणि दारातलं झाड आधीच तिथे पोचलेलं, असं पपा सांगायचे. त्या वेळी मला रडू आलं, असंही सांगायचे. आई आतून ओरडायची, "रडू कसलं, शिंक आली असेल."

पुढे पपा सफरीवरून घरी आले की पहिल्या रविवारी ही कोंबडी व्हायची. पपा ती स्वयंपाकघराचं दार लावून एकटेच करायचे. कोंबडी आदल्या दिवशीच लिंबाने धुऊन, पानओवा, कोथिंबीर, पातीचा कांदा, आलं, लसूण, मिरची यांच्या वाटणात मुरवायची. इथवर सगळं आपल्यासारखंच. खरी गोष्ट पुढची. पातेल्यात तेल तापवायचं, त्यात मूठभर साखर टाकायची आणि वाट बघायची. साखर वितळते, सोनेरी होते, मग तांबूस. इथे आपला हात शिवशिवतो. पण थांबायचं. मग ती फेसाळते, फुगते, कडा काळ्या पडतात आणि धूर निघायच्या अगदी आधी, एका श्वासाचा वेळ असतो तेव्हा, कोंबडी त्यात लोटायची. पाणी नाही. एक थेंब नाही. कोंबडी आधी त्या काळ्या साखरेत परतायची, सगळ्या बाजूंनी रंग घेऊ द्यायची, पाणी त्यानंतर. लवकर टाकली तर गोड होते, उशिरा टाकली तर कडू. बरोबर वेळी टाकली की गोडही नाही, कडूही नाही. एक खोल, भाजकी चव येते. तिला मला अजून शब्द सापडलेला नाही.

मी सत्तावीस वर्षांचा असताना पपांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवा हात गेला. आई त्याआधीच गेली होती. घर बहिणीच्या जिवावर चालत होतं. तिला आम्ही बाय म्हणतो. बाय शाळेत शिकवायची, चर्चच्या क्वायरमध्ये गायची, पपांना आंघोळ घालायची, गॅसचा नंबर लावायची, मयताला जायची, बारशाला जायची. गावात कुणाच्याही घरी काही अडलं की लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंना विचारा. मी दोनदा परीक्षेत नापास होऊन एका झेरॉक्सच्या दुकानात बसत होतो. मला कुणी काही विचारायचं नाही.

पण काळी कोंबडी मी करायचो. रविवारी सकाळी बाय मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला चर्चमध्ये जायची. तेवढ्या वेळात पपा स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे, डाव्या हातात काठी. बोलणं जड झालं होतं, म्हणून ते बोलायचे नाहीत. साखर फेसाळू लागली की मी त्यांच्याकडे बघायचो. ते मान हलवायचे, अजून नाही, अजून नाही. आणि मग काठी एकदा जमिनीवर आपटायचे. ठक. की मी कोंबडी लोटायचो. सहा महिन्यांत मला काठीची गरज उरली नाही, तरी मी त्यांच्याकडे बघायचो आणि ते ठक करायचे. बाय परत यायची तेव्हा पातेल्यावर झाकण असायचं. ती झाकण उघडून म्हणायची, "आज आमच्या साहेबांनी केलंय वाटतं!" चेष्टेत म्हणायची, पण मला ते आवडायचं. पपांनी आयुष्यात माझं कौतुक केलं ते या एकाच गोष्टीचं, तेही काठीने.

तिसाव्या वर्षी मी इथे आलो. पहिली पाच वर्षं दोह्यातल्या अल नस्र भागात एका खोलीत चौघं राहायचो. एक इलेक्ट्रिशियन, दोन ड्रायव्हर आणि मी. दर वर्षी सुट्टीवर गेलो की पपांना काळी कोंबडी करून घालायचो. चौथ्या वर्षी सुट्टी मिळाली नाही. प्रोजेक्ट अडकला होता आणि मॅनेजर रोज इन्शाल्ला म्हणत होता. त्याच वर्षी नाताळनंतरच्या आठवड्यात पपांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. बायने सगळे नातेवाईक जेवायला बोलावले होते.

तिचा फोन आला तेव्हा मी पलंगावर बसून सॉक्स घालत होतो. हे अजून आठवतं. एक सॉक्स घातलेला, एक हातात.

"ऐक," ती म्हणाली, "पपांसाठी तुझी ती कोंबडी करते. वाटण मला माहीत आहे. त्या साखरेचं काय करतोस तेवढं सांग."

ती तुझी कोंबडी म्हणाली. तरीही मला वाटलं, आता हेही घेणार ही. सगळं हिचं आहे. पपा हिच्याकडे, घर हिच्याकडे, गावात मान हिचा. आता ही कोंबडीही हिची होईल, पपा काठी हिच्यासाठी आपटतील आणि मी इथे सॉक्स घालत बसेन.

मी म्हणालो, "सोपं आहे. नाताळच्या केकचं साखरपाणी उरलंय ना?"

आमच्या वसईत नाताळच्या केकला रंग यावा म्हणून साखर जाळून त्यात पाणी घालतात. ते तपकिरी, गोड पाणी बाटलीत भरून ठेवतात, आणि नाताळ झाला की अर्धी बाटली फळीवर राहतेच.

"आहे की," ती म्हणाली.

"तेच घाल. वाटीभर. कोंबडी शिजत आली की वरून."

"एवढंच? आणि तू इतकी वर्षं मोठा शेफ बनून फिरतोयस!" ती हसली.

"एवढंच," मी म्हणालो.

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मी दुसरा सॉक्स घातला आणि कामाला गेलो.

पुढचं बायनेच मला फोनवर सांगितलं. कोंबडी फिकट तपकिरी आणि गोडमिट्ट झाली. पाहुणे पानावर बसलेले. पपांनी एक घास घेतला, चावला आणि जड जिभेने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही त्याच्या हातची नाही." सगळे हसले. आमच्या एका काकांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, "मास्तरीणबाईंची गोड कोंबडी." बाय हे सांगताना हसत होती आणि मध्येच नाक ओढत होती. "जाऊ दे," ती म्हणाली, "माझा हात नाही त्याला."

मला आनंद झाला. हे लिहिताना सोपं जात नाही, पण झाला. "होतं असं कधी कधी," मी म्हणालो आणि फोन ठेवून, मला आठवतं, मी शीळ घालत होतो.

मे महिन्यात पपा गेले. मी पोचलो तेव्हा शवपेटी बंद होती. म्हणजे त्यांनी शेवटची खरी काळी कोंबडी खाल्ली ती माझ्या तिसऱ्या वर्षीच्या सुट्टीतली. सत्तराव्या वाढदिवशी त्यांना ती मिळू शकत होती, त्यांच्या मुलीच्या हातची, आणि ती मी मिळू दिली नाही. बायचं वाईट केलं हे मला आधी कळलं होतं. पपांचंही केलं हे कबरीवर माती टाकताना कळलं.

गोड कोंबडी हे नाव मात्र राहिलं. लग्नात, साखरपुड्यात, कुठेही बाय पातेल्याजवळ दिसली की कुणीतरी म्हणायचंच, "मास्तरीणबाई, साखर जरा बेताने हं!" ती हसायची. मीही हसायचो. वसईत मी तो पदार्थ पुन्हा कधी केला नाही. पपा नाहीत तर इच्छा होत नाही, असं सांगितलं की लोक गप्प व्हायचे, उलट मला हळवा समजायचे. इथे दोह्यात मात्र करायचो. लग्न झालं, बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स, मदिनत खलीफा भागात एका व्हिलाचा तुकडा भाड्याने घेतला, मुलगी झाली. आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकाने ती कोंबडी खाल्ली आहे. माझ्या बहिणीने सोडून.

तर ती रिटायर झाली आणि व्हिजिट व्हिसावर आली. येताना तिने, पपांनी मावशीसारख्या पत्र्याच्या डब्यात लावलेल्या पानओव्याची फांदी ओल्या रुमालात गुंडाळून आणली होती. कपड्यांत, टिफिनच्या डब्यात लपवून.

"बाय, एअरपोर्टवर पकडलं असतं तर?" माझी बायको म्हणाली.

"सांगितलं असतं, सर्दीचं औषध आहे. मग तिथेच शिंकले असते."

बाल्कनीतल्या कुंडीत ती फांदी लावली. जानेवारीतल्या हवेत चार दिवसांत तिने मान वर केली. मी रोज सकाळी तिच्याकडे बघून ऑफिसला जायचो. ऑफिसात माझं काम काय, तर बांधकामाचे नकाशे सांभाळणं. नवा नकाशा आला की जुना परत घ्यायचा, त्यावर रद्दचा शिक्का मारायचा, चुकीचा कागद कुणाच्या हाती राहता कामा नये. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. वीस वर्षांत एकही चूक नाही. आणि संध्याकाळी घरी यावं तर बाय सोफ्यावर बसून माझ्या मुलीला क्वायरची गाणी शिकवत असायची.

बायको दोनदा म्हणाली, "अरे, बायला तुझी कोंबडी घाल की. इतरांना तर आग्रह करकरून घालतोस." मी म्हणालो, चिकन चांगलं मिळत नाहीये. दोह्यात!

शेवटी मुलीने कोंडी केली. ती सतरा वर्षांची आहे, सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीसाठी बाहेर जाणार होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं किंवा दोन्हींच्या खिचडीत. गुरुवारी जेवताना ती म्हणाली, "डॅडा, धिस फ्रायडे यू आर टीचिंग मी ब्लॅक चिकन. मी व्हिडिओ करणार. स्टेप बाय स्टेप. आणि नंतर आपण समैस्माला बीचवर घेऊन जाऊ. आत्या, तुला येतं का?"

"नाही गं," बाय भात कालवत म्हणाली. "मी एकदा केली होती. माझा हात नाही त्याला."

अगदी सहज म्हणाली, रेल्वेचं टाइमटेबल सांगावं तसं. एकोणीस वर्षांत ते वाक्य तिच्या अंगात मुरलं होतं.  मी म्हणालो, "ठीक आहे. उद्या करू."

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या मिस्सेहून आलो. बायको ड्यूटीवर होती, तीनपर्यंत येणार होती. माझा बेत असा होता की बाय आंघोळीला गेली की साखरेचं काम उरकायचं, मुलीला व्हिडिओ देऊन टाकायचा. म्हणजे त्या सकाळीसुद्धा, चर्चमधून आल्यावर, माझा पळण्याचाच बेत होता. बाय टॉवेल घेऊन आत गेली. मी तेल तापवलं, साखर टाकली. मुलीने मोबाइल धरला.

"नाऊ एक्सप्लेन," ती म्हणाली.

तेवढ्यात बाय टॉवेल खांद्यावर टाकून परत आली. "गीझर लावायला विसरले," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. पपा बसायचे तशीच, ओट्याच्या डाव्या बाजूला. "चालू दे तुमचं. मीही बघते, कसं साखरपाणी घालतोस ते. बाटली कुठे आहे?"

साखर वितळत होती.

"डॅडा?" मुलगी म्हणाली.

"बाटली नाही," मी म्हणालो.

"मग?"

"बाय, साखरपाणी कधी नव्हतंच. पपा ही साखर तेलात काळी करायचे. पाण्याशिवाय. मी तुला खोटं सांगितलं."

"विसरला असशील."

हा रस्ता तिने मला आयता दिला होता. मी अजून त्याचा विचार करतो. तीन शब्द, 'हो, विसरलो असेन', आणि आम्ही सुखाने जेवलो असतो.

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "मुद्दाम सांगितलं. तुला ती जमू नये म्हणून. पपांनी माझीच आठवण काढावी म्हणून."

मुलीने मोबाइल खाली घेतला. बाय माझ्याकडे बघत होती. वर्गात पोरगा खोटं बोलतोय की खरं हे ठरवताना ती अशी बघत असेल. कुणीच पातेल्याकडे बघत नव्हतं. आधी कडवट वास आला, मग निळा धूर आणि मग छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मुलगी टॉवेल ओढून खुर्चीवर चढली आणि अलार्मखाली वारा घालू लागली. मी पातेलं सिंकमध्ये ठेवलं, खिडकी उघडली. अलार्म थांबला तेव्हा घर फारच शांत झालं.

"घास ते," बाय म्हणाली.

"काय?"

"पातेलं घास. दुसऱ्या कुणी घासायचं नाही. तूच."

जळलेली साखर पातेल्याला काचेसारखी चिकटते. मी गरम पाणी ओतलं, सोडा टाकला, तारेची घासणी घेतली. पाऊण तास घासत होतो. बाय बाल्कनीत जाऊन पाठमोरी उभी राहिली. मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दॅट वॉज रिअली मीन, डॅडा." मी हो म्हणालो. तिने दुसरी घासणी उचलली, मग आत्याचं बोलणं आठवून ती परत ठेवली आणि नुसती शेजारी उभी राहिली.

बाय आत आली. डोळे लाल होते, हातात पानओव्याची दोन पानं होती. ती तिने मुरवलेल्या कोंबडीत चुरडून टाकली. पातेलं उलटंसुलटं करून तपासलं, कडेचा एक डाग नखाने खरवडला.

"मला काय वाटायचं माहितेय?" ती म्हणाली. "पपांसाठी मी सगळं केलं. आंघोळ, औषधं, बेडपॅन. आणि त्यांना एक आवडीचा घास काही मला घालता आला नाही. माझ्या हातातच काहीतरी कमी आहे. एवढी वर्षं वाटायचं."

मी पातेलं पुसून गॅसवर ठेवलं.

"सरक," ती म्हणाली. "मी करते. तू बोल. आणि आता तरी खरं बोल."

तिने तेल तापवलं. साखर टाकली. मुलीने मला न विचारता मोबाइल पुन्हा सुरू केला. साखर सोनेरी झाली, तांबूस झाली. बायने कोंबडीचं भांडं उचललं.

"आता?"

"थांब."

फेस आला. कडेला काळं दिसू लागलं.

"जळतेय," ती म्हणाली.

"थांब, बाय."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सांगतोय ते खरं की याही वेळी मला तिचं पातेलं जाळायचंय, हे ती बघत होती, आणि तिला ते बघायचा पूर्ण हक्क होता. साखरेच्या सगळ्या बाबतीत मी तिला आजवर एकच गोष्ट सांगितली होती आणि ती खोटी होती. भांडं तिच्या हातात तिरकं झालं होतं. तिने ते लोटलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. कोंबडी परत गोड झाली असती आणि आम्ही तशीच खाल्ली असती.

ती थांबली.

फेस फुगून वर आला, मध्यभागी काळा झाला. माझ्या हातात डाव होता. तो मी ओट्यावर एकदा आपटला. ठक.

बायने कोंबडी लोटली. चर्र झालं, वाफ उसळली, आणि तो वास आला. बायने डोळे मिटले. पुढे तिला काही सांगावं लागलं नाही. तिने उलथन्याने तुकडे फिरवले, सगळ्या बाजू काळसर होऊ दिल्या, मग बेताचं पाणी घातलं, एक अख्खी मिरची वर सोडली आणि झाकण ठेवलं. पहिल्याच खेपेला. मला पपांच्या देखत सहा महिने लागले होते.

"कडूबिडू झाली तर तुझ्या नावावर," ती म्हणाली.

"फस्ट क्लास दिसतेय, आत्या," मुलगी म्हणाली.

"दिसण्यावर जाऊ नकोस. तुझा बापही दिसायला सज्जनच आहे."

तीन वाजता बायको आली. तिने आम्हा तिघांची तोंडं पाहिली, धुराचा वास घेतला आणि म्हणाली, "नंतर विचारते. आधी भूक लागलीय. यल्ला, चला." पातेलं कापडात बांधून गाडीत मुलीच्या पायांशी ठेवलं. समैस्माला वारा होता, पाणी मागे गेलं होतं, पलीकडे एक कुटुंब पोरांना चेंडू फेकत बसलं होतं. चटई उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. आधी बायला वाढलं. तिने खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, तुकडा तोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. मग तंगडी उचलली.

"हीच," ती म्हणाली. "हीच ती."

मग खूप वेळ नुसतं खाणं चाललं होतं. बायकोला मी तिथेच सगळं सांगितलं, पातेल्याकडे बघत. ती एवढंच म्हणाली, "आणि मला चिकन चांगलं मिळत नाही म्हणून सांगत होतास." बाय खुदकन हसली. हसताना तिला मिरची लागली, पाणी प्यावं लागलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिवसाचं मीही तुला सगळं सांगितलं नाही. ही त्याच्या हातची नाही, असं म्हणाले पपा, ते खरं. पण नंतर त्यांनी पुन्हा वाढून मागितली. दोनदा. काठीने पातेलं दाखवून. फोनवर तुझा आवाज इतका खूश लागला की म्हटलं, असू दे. लांब एकटा आहे. त्याला तेवढं तरी असू दे."

पपांनी गोड कोंबडी दोनदा मागून घेतली होती. हे मला त्या वर्षी कळलं असतं, तर माझा जळफळाट झाला असता. त्या दुपारी मात्र जेवणापेक्षा त्यानेच माझं पोट भरलं.

"बाय, मला माफ—"

"ते नको," ती म्हणाली. "माफी मला एकटीला मागून काय उपयोग? मी एकटी हसत नव्हते. जे हसले त्यांना सांग. सगळ्यांना."

तेवढं बोलून तिने माझ्या ताटातला मानेचा तुकडा उचलून घेतला. लहानपणी तो आमच्यात भांडणाचा विषय होता. मी घेऊ दिला.

मे महिन्यात पपांच्या पुण्यतिथीची मिस्सा झाल्यावर बायने वसईच्या घरी काळ्या कोंबडीचं जेवण ठेवलं. जमलेल्या पंचवीसेक माणसांसमोर तिने फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "बोल." मी दोह्यात पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, एसी बंद करून, आवाज स्वच्छ जावा म्हणून. घामाने भिजलो. साखरपाण्याची बाटली, तो फोन, सगळं सांगितलं. मग काकांचा आवाज आला. ते आता नव्वदीला टेकलेत.

"म्हणजे एवढी वर्षं आम्ही चुकीच्या माणसाला हसलो?"

"हो, काका."

"अरे चोरा! मास्तरीणबाई, या केकवाल्याला सांगा, पुढच्या नाताळला आला की तुमची भांडी हाच घासणार."

हशा उठला. आता वसईत माझं नाव केकवाला पडलंय आणि ते बहुधा मी मरेपर्यंत टिकेल. जे त्या दिवशी जेवायला नव्हते, पण कधी ना कधी हसले होते, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

सगळे पांगल्यावर बायने फोन पुन्हा कानाला लावला. भांड्यांचा आवाज येत होता.

"कोंबडी कशी झाली होती?" मी विचारलं.

"संपली. तळाला लागलेलंसुद्धा पोरांनी पावाने पुसून खाल्लं."

"आणि साखर? मला फोन करायचा होतास. मी सांगितलं असतं, कधी ते."

"करणार होते," ती म्हणाली. "फोन हातात घेतलाही होता. तोवर वास आला, आणि मी लोटून दिली."